पहिल्या मजल्यावर नवीन बाथरूम : सनकन किती, लाईन कुठून, वेंट हवा का? (स्लॅबला १२ दिवस उरलेत)

गोडोलीकर (धागाकर्ता)

मंडळी, साताऱ्यात जुन्या तळमजल्यावर पहिला मजला चढवतोय. बेडरूमला लागून ८ बाय ५ फुटांचं बाथरूम आहे. आठ फुटांची बाजू पूर्व-पश्चिम. दार पश्चिमेला, पूर्वेची भिंत बाहेरची. दारापाशी बेसिन, मध्ये उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून कमोड आणि पूर्वेला खिडकीखाली अंघोळीची जागा. जुनी चार इंची संडास लाईन घराच्या मागच्या कोपऱ्यात आहे, नव्या बाथरूमपासून आडवी १४ फूट. ती चेंबरमधून सेप्टिक टाकीत जाते. न्हाणीचं पाणी गल्ली ट्रॅपमधून (वास अडवणाऱ्या बाहेरच्या छोट्या कुंडीतून) बाहेरच्या गटारीला.

प्रश्न असे :

१) सनकन (पाईपसाठी बाथरूमचा स्लॅब जेवढा खाली घेतात तो खड्डा) किती ठेवू? गवंडी ९ इंच म्हणतो, प्लंबर दीड फूट म्हणतो. नकाशात नुसतंच 'सनकन' लिहिलंय.

२) कमोडचा पाईप खालच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबखालून नेऊन जुन्या लाईनला जोडू, असं प्लंबरचं म्हणणं. चालेल?

३) वेंट पाईप (लाईनला हवा देणारा) लागतो का? तो म्हणतो, "एका बाथरूमला वेंट कशाला, ते अपार्टमेंटचं काम." जुन्या लाईनचा दोन फुटी तुकडा गच्चीवर वर आलाय, तो नव्या खोलीच्या कोपऱ्यात येतो म्हणून कापून टोपी मारायची आहे.

ओळंबा

गवंडी आणि प्लंबर दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोक्यात वेगवेगळं भांडं आहे. आधी भांडं ठरवा, मग खड्डा.

भारतीय बैठकीचं ओरिसा भांडं असेल तर त्याखाली ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारं वळण), त्याखाली पाईप, म्हणून दीड फूट. प्लंबरच्या हाताला तीच सवय असणार. पी ट्रॅपचा कमोड असेल तर त्याचं तोंड तयार फरशीपासून साधारण १८५ मिमी वर, मागच्या भिंतीतून आडवं बाहेर जातं. तेव्हा सनकन फक्त नहाणी ट्रॅपपुरती, ९ इंच पुरते. गवंडी ते धरून बोलतोय.

तुमचा कमोड आतल्या भिंतीला आहे. पी ट्रॅप घेतला तर पाईप बेडरूममध्ये निघेल. म्हणजे एस ट्रॅप आला, तोंड खाली. आता बेरीज करा. फरशी आणि खालचा मसाला ५० मिमी, चार इंची बेंडला १७५, बेंडपासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत चार फुटांचा ढाळ २५, तळाला वॉटरप्रूफिंगचे थर ४०. झाले २९०. बारा इंचात बसतं, पण कटोकट. स्लॅब ओतताना सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) अर्धा इंच वर राहिलं तरी रडारड होते, म्हणून साडेबारा इंच काढून घ्या.

दीड फूट 'असू दे, जास्त झालं तर भरून काढू' म्हणून ठेवू नका. ४० चौरस फुटांवर दीड फूट म्हणजे ६० घनफूट भर. वीटतुकड्यांची भर घनफुटाला ५० किलोच्या आसपास धरली तर ३ टन वजन त्या स्लॅबवर कायमचं. बारा इंचाला २ टन. हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरले तर त्याच्या साधारण एक तृतीयांश, पण ते ओले झाले की वजन वाढतं. म्हणून आधी वॉटरप्रूफिंग आणि मग भर.

आणखी एक. एस ट्रॅपच्या भांड्यांना भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंत ४, ९ किंवा १२ इंच अशी मापं येतात. हे माप टाईल लागलेल्या भिंतीपासूनचं असतं. ९ इंची भांडं असेल तर विटेच्या उघड्या भिंतीपासून साडेदहा धरा. भांडं अजून घेतलं नसेल तर निदान मॉडेल ठरवून त्याचं मापपत्रक प्लंबरच्या हातात द्या.

लगा_कराडकर

१४ फूट संडासचा पाईप स्वयंपाकघराच्या डोक्यावरून? लगा, खाली आमटीला फोडणी आणि वर गडगडाट. पाहुणे येणं आपोआप कमी होईल.

एक_सूत

कराडकर, चेष्टा सोडा, मुद्दा तोच आहे. स्वयंपाकघरावरून आडवी मलवाहिनी नेऊच नये. सांधा कुठेही पाझरला तर थेंब कुठे पडणार ते उघड आहे, आणि पुढे सफाईचं झाकण उघडायचं झालं तर ओट्यावरच उघडणार.

हिशेबही जमत नाही. चार इंची पाईपला फुटाला २ सूत (पाव इंच) ढाळ धरा, म्हणजे साधारण १:४८. १४ फुटांना २८ सूत, साडेतीन इंच. त्यात पाईपची जाडी, बेंड आणि क्लॅम्प धरले की स्लॅबखाली १० ते ११ इंच उतरतात. वाटेत बीम असेल तर त्याच्याही खालून. एवढं फॉल्स सीलिंग करण्यापेक्षा पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवर नवी उभी लाईन घ्या. कमोडपासून चार फूट आडवं, मग सरळ खाली. बाकीचं अंतर जमिनीतून चेंबरपर्यंत.

ढाळाबद्दल अजून एक. कमी ढाळात घाण बसते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाईपच्या मध्ये पोट आलं, तर सरासरी ढाळ बरोबर असूनही तिथे पाणी थांबतं. हे पोट येतं पाईपखाली चार-पाच फुटांवर एकच वीट ठेवल्यामुळे. आडव्या पाईपला व्यासाच्या १० पट अंतरावर आधार हवा. ११० मिमीला (म्हणजे चार इंचीला) साधारण साडेतीन फूट, ७५ मिमीला अडीच फूट. सनकनमध्ये तर पाईपखाली सलग मसाल्याची पट्टीच द्या.

कृष्णाकाठची

सगळे पाईप मोजतायत. बीम कोणी बघितली का? पूर्वेच्या भिंतीखाली बाहेरची बीम असणार. बीमचा माथा बेडरूमच्या स्लॅबच्या पातळीला आणि बाथरूमचा स्लॅब १२ इंच खाली, तर तुमचा पाईप भिंतीतून बाहेर निघत नाही, सरळ बीमच्या पोटात जातो. स्लॅब झाल्यावर हे कळतं आणि मग ब्रेकर लावून बीम फोडतात. त्यात स्टीलही कापतात.

दोन उपाय. एक, सनकनच्या बाजूची बीम तेवढ्या लांबीत खाली उतरवून घ्यायची, म्हणजे तिचा माथा सनकन स्लॅबच्या पातळीला. दुसरा, बीममध्ये काँक्रीट पडण्याआधी स्लीव्ह (पाईप जायला भोक राखणारी नळी) ठेवायचे. ११० च्या पाईपला १६० मिमी पाईपचा तुकडा, ७५ ला ११० चा. जागा बीमच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात, खांबाच्या तोंडापासून दूर, आणि भोवती जादा सळ्या. हे गवंड्याने ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच फोन करा. तुमच्या बाबतीत पाईप सनकनच्या तळालगत निघतोय, तो स्लीव्हच्या जागेला जुळेलच असं नाही. मला बीम उतरवणं जास्त सोपं दिसतंय.

गोडोलीकर

बीमचं खरंच डोक्यात नव्हतं. इंजिनिअरना विचारतो. पी ट्रॅप घेऊन कमोडच पूर्वेच्या भिंतीला नेला तर?

ओळंबा

नळकामाच्या दृष्टीने ते सगळ्यात सोपं. ११० चा पाईप सनकनमध्ये येतच नाही, भिंतीतून थेट उभ्या लाईनला. पण मग अंघोळीची जागा मध्ये येते आणि कमोडला जायला ओल्यातून जावं लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर विचार करा.

तुळशीवृंदावन

शिवाय पूर्वेला पाठ म्हणजे बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला. कमोडवर तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं असं वास्तूवाले सांगतात.

लगा_कराडकर

ताई, दिशा बघायला कंपास घेऊन बसायचं का आता.

हवाबाण

वेंटचा प्रश्न बाजूलाच पडला. थोडं सविस्तर लिहितो.

ट्रॅपमध्ये अडून राहणारं पाणी ५० मिमी असतं. टाकीचा वास आणि झुरळं यांना अडवणारं दार तेवढंच. हवेचा दाब पाण्याच्या साधारण १०.३ मीटर उंचीएवढा असतो, म्हणजे ५० मिमी हा त्याचा जेमतेम अर्धा टक्का. पाईपमधला दाब एवढासा बदलला तरी दार उघडतं.

फ्लश केल्यावर पाणी उभ्या पाईपमधून उतरतं तेव्हा पुढची हवा खाली ढकलली जाते आणि मागे ओढ तयार होते. वरून हवा मिळाली नाही तर पाईप ती जवळच्या ट्रॅपमधून घेतो. नहाणीच्या जाळीतून 'गुडगुड' येतं ते हेच. दोन-चार वेळा असं झालं की ट्रॅप कोरडा आणि वास सुरू. मग लोक नहाणी ट्रॅप बदलतात, जाळी बदलतात, फिनेल ओततात. खाली, उभी लाईन आडवी होते तिथे उलटं होतं. हवा कोंडते आणि तळमजल्याच्या जाळीतून बुडबुडे किंवा पाणी वर उसळतं.

म्हणून उभी लाईन वर उघडी पाहिजे, त्याच व्यासाने, माथ्यावर काऊल (छिद्रांचं झाकण) लावून. ११० चा पाईप वर नेताना ५० वर आणू नका. गच्चीवर वावर असेल तर राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे (२०१६, भाग ९) दोन मीटर वर न्यायचा.

फक्त_कामाचं

हवाबाण, मांडणी बरोबर, पण एक गल्लत होतेय. 'वेंट' म्हणजे दोन गोष्टी. उभ्या लाईनचा वरचा उघडा भाग हा एक. आणि प्रत्येक मजल्याच्या ट्रॅपपासून निघून शेजारून वर जाणारा वेगळा वेंट पाईप हा दुसरा. प्लंबर दुसऱ्याबद्दल बोलत असेल तर तो चूक नाही. एका मजल्यावरच्या एका बाथरूमला, उभी लाईन वर उघडी असेल आणि फांद्या (तिला मिळणारे आडवे पाईप) आखूड असतील तर वेगळा पाईप लागत नाही.

आखूड म्हणजे किती? ब्रिटिश सिंगल स्टॅक (एकाच उभ्या लाईनच्या) पद्धतीत ११० च्या फांदीवर एकटा कमोड ६ मीटरपर्यंत चालतो. बेसिनला ३२ मिमी पाईप १.७ मीटरपर्यंत, ४० मिमी ३ मीटरपर्यंत. इथे कमोड चार फुटांवर आहे. वेगळ्या वेंटवर पैसे घालवू नका, तेच पैसे जाड, टाईप 'बी' पाईप घेण्यात घाला.

रहिमतपूर_रोड

सेप्टिक टाकीला वेंट पाईप असतोच की. मग वर कशाला परत?

हवाबाण

तो टाकीत तयार होणारा वायू बाहेर सोडायला. ओढ तयार होते वर, पाण्याच्या मागे, आणि पाणी पाईप भरून उतरत असताना टाकीची हवा त्याला ओलांडून वर पोचत नाही. दोघांची कामं वेगळी. टाकीच्या वेंटच्या तोंडाला मात्र बारीक जाळी बांधा, डास तिथूनच निघतात. नायलॉनची जाळी उन्हाने वर्षभरात फाटते, बदलावी लागते.

एक_सूत

फक्त_कामाचं यांच्याशी सहमत. एक भर. तुमच्याकडे दोन लाईन होणार, कमोडची ११० ची आणि नहाणी-बेसिनची ७५ ची. ७५ ची लाईनही वर उघडी न्यायची. लोक ती बाथरूमच्या पातळीला बेंड मारून संपवतात. बादलीभर पाणी एकदम ओतलं की बेसिन गुडगुडायला लागतं.

आणि दुकानात 'अडीच इंची', 'तीन इंची' म्हणू नका. ७५ मिमीला कोणी अडीच म्हणतो, कोणी तीन, आणि ९० मिमीचाही पाईप बाजारात आहे. मिमीमध्येच मागा.

पलूसची_पोर

बेसिनबद्दल विचारायचं होतं. बेसिनखाली बॉटल ट्रॅप लावला आणि तो पाईप पुन्हा मल्टी फ्लोअर ट्रॅपमध्ये (बाजूलाही तोंडं असलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये) सोडला तर दोन ट्रॅप एकामागे एक होतात. पाणी तुंबतं म्हणतात. मग साधा लवचिक पाईप थेट सोडावा का?

ओळंबा

मल्टी ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात सोडत असाल तर बेसिनला वेगळा बॉटल ट्रॅप लागत नाही, पाण्याचा अडसर तिथे आहेच. दोन ट्रॅपमध्ये हवा कोंडते आणि बेसिन हळू रिकामं होतं.

फक्त_कामाचं

असहमत. दोन ट्रॅपमध्ये हवा कोंडायला मधला भाग बंद हवा. मल्टी ट्रॅपला वर जाळी आहे, ती उघडी आहे, हवा तिथून येते-जाते. बेसिन हळू रिकामं होण्याचं कारण बहुतेक वेळा पाईपचा ढाळ किंवा अडकलेले केस. बॉटल ट्रॅप नसेल तर बेसिन ते नहाणी हा सहा-सात फुटांचा पाईप आतून साबणाने बुळबुळीत होतो आणि त्याचा वास बेसिनच्या भोकातून थेट नाकात. बॉटल ट्रॅप लावाच.

ओळंबा

हे मान्य, पण त्या जाळीवर झुरळ अडवणारी झडपेची जाळी बसवली की हवा बंद. मग माझं म्हणणं लागू होतं.

फक्त_कामाचं

बरोबर. मग झडपेची जाळी नको. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी असेल तर झुरळ तसंही सहसा येत नाही.

लगा_कराडकर

झुरळ सोडून सगळ्यांचं एकमत झालं.

पलूसची_पोर

समजलं, बॉटल ट्रॅप ठेवते. आमच्याकडे अजून एक अडचण : बाहेरचा चेंबर दर उन्हाळ्यात भिंतीपासून सुटतो. काळी माती.

कृष्णाकाठची

पलूस, वाळवा, मिरजेकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर पायावर उभं असतं, चेंबर मातीवर तरंगत असतो. पाईप भिंतीतही पक्का आणि चेंबरमध्येही पक्का केला की मधे तो तुटणारच. भिंतीबाहेर दोन फुटांच्या आत एक रबरी रिंगचा सांधा द्या, तिथे पाईप थोडा हलू शकतो. पाईपखाली आणि भोवती सहा इंच वाळू किंवा बारीक मुरूम, काळी माती अजिबात नाही. भिंतीतून जाताना मोठ्या व्यासाचा स्लीव्ह, मधली जागा मसाल्याने न भरता लवचिक सीलंटने भरा.

त्या मातीत शोषखड्डाही चालत नाही. पाणी मुरत नाही, खड्डा भरतो आणि टाकी उलटी चेंबरमध्ये येते. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात तर पावसाळ्यात जमिनीतच पाणी उभं असतं.

वारणेचं_पाणी

सांगलीचा विषय निघालाच आहे तर पुराचंही लिहा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी कमोड आणि नहाणीच्या जाळीतून आत येतं.

कृष्णाकाठची

हो, कारण बाहेरची लाईन भरली की पाणी पातळी शोधत मागे येतं. शेवटच्या चेंबरच्या आधी एकदिशा झडप, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात ती, बसवता येते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. झडपेत केस, चिंध्या अडकल्या की ती अर्धी उघडी राहते आणि ऐन वेळी काम करत नाही, म्हणून ती उघडता येणाऱ्या छोट्या चेंबरमध्येच बसवायची आणि दर वर्षी मे महिन्यात साफ करायची. आणि झडप बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर फ्लश केलंत तर ते खालच्या नहाणीतून घरातच उगवेल.

रहिमतपूर_रोड

साताऱ्यात पूर नाही, पाऊस आहे. गच्चीचं पाणी त्याच ११० च्या लाईनला जोडलं तर एक पाईप वाचतो, बरोबर?

हवाबाण

पाईप वाचतो, तळमजला जातो. जोराच्या सरीत उभी लाईन पाण्याने भरली की हवेला जागा राहत नाही. वर ओढ, खाली दाब, दोन्ही एकदम. शिवाय ते सगळं पाणी सेप्टिक टाकीत. टाकीत मैला बसायला पाणी संथ हवं. पावसाचा लोंढा आत आला की तळाचा गाळ ढवळून बाहेर जातो. पावसाचा पाईप पूर्ण वेगळा ठेवा. माणदेशात एकवेळ खपेल, जावळी-पाटणकडे नाही.

गोडोलीकर

सगळ्यांचे आभार. इंजिनिअर म्हणाले, पूर्वेची बीम पाच फुटांच्या गाळ्यात १३ इंच उतरवून देतो. कमोड मध्येच, उत्तरेच्या भिंतीला, एस ट्रॅप, सनकन साडेबारा इंच. नवी उभी लाईन पूर्वेच्या भिंतीवर. आता सामान काय आणि किती ते कोणी सांगेल का? मजल्याची उंची साडेदहा फूट धरा.

एक_सूत

जमिनीपासून नव्या गच्चीच्या दोन मीटर वर म्हणजे साडेदहा, साडेदहा आणि साडेसहा. साडेसत्तावीस फूट, ८.४ मीटर. ३ मीटरचे तीन पाईप ११० चे, तीन ७५ चे, फक्त उभ्यासाठी. आडव्यासाठी प्रत्येकी एक जादा. जमिनीतून चेंबरपर्यंतचं अंतर मोजून वेगळं.

पाईप आयएस १३५९२ (भारतीय मानक) चा शिक्का बघून. टाईप 'ए' वेंट आणि पावसासाठी, टाईप 'बी' मैला-सांडपाण्यासाठी. ११० मध्ये 'ए' ची जाडी २.२ मिमीपासून, 'बी' ची ३.२ पासून. वरच्या वेंटच्या तुकड्याला नियमाने 'ए' चालतो, पण एका तुकड्यासाठी वेगळा पाईप आणू नका, गड्याच्या हातून तोच खाली लागेल.

फिटिंग : कमोडची फांदी मिळते तिथे ११० चा डोअर टी (सफाईचं दार असलेला टी), दार बाहेरच्या बाजूला. पायथ्याशी ९० चा एकच बेंड न मारता ४५ चे दोन, म्हणजे पाणी आपटत नाही. त्यांच्या वर हाताला येईल अशा उंचीवर अजून एक डोअर टी. ७५ ला तसंच. दोन काऊल. उभ्या पाईपला दर दोन मीटरच्या आत क्लॅम्प.

आडव्या पाईपला आडवी फांदी जोडताना साधा टी कधीही नको. वाय (Y आकाराचा जोड) आणि ४५ चा बेंड. टी आडवा टाकला की समोरून आलेलं पाणी उलट्या दिशेलाही जातं आणि घाण तिथे थांबते.

फक्त_कामाचं

सांध्यांबद्दल : सनकनच्या आत सेल्फिट, म्हणजे सॉल्व्हंटने चिकटवलेले. बाहेरची उभी लाईन रिंगफिट, म्हणजे रबरी रिंगच्या सांध्यांची. उन्हातला पीव्हीसी ४० अंशांच्या फरकाला ३ मीटरमागे ८ मिमीच्या आसपास वाढतो. रिंगमध्ये पाईप पूर्ण आत ढकला, पेन्सिलने खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. हे न करता तळाला टेकवून ठेवला की उन्हाळ्यात पाईप धनुष्यासारखा वाकतो आणि क्लॅम्प उखडतात. पाईपची कापलेली कड कानशीने उतरती करा, नाहीतर रिंग दुमडते आणि तिथेच गळते. वंगण म्हणून खायचं तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं. कंपनीचं ल्युब्रिकंट नसेल तर साबणाचं पाणी.

सनकनमध्ये दाराची फिटिंग अजिबात टाकू नका. फरशीखाली गेलेलं दार कोणीच उघडू शकत नाही, ती फक्त गळायची जागा.

तुळशीवृंदावन

सनकनच्या तळातून एक बारीक पाईप बाहेर काढतात ना, त्याचा खरंच उपयोग होतो का?

ओळंबा

होतो. सनकन स्लॅबच्या सर्वात खालच्या बिंदूपासून ३२ किंवा ४० मिमीचा तुकडा बाहेरच्या भिंतीतून काढायचा, आतल्या तोंडाला जाळी आणि भोवती खडी. पुढे फरशीतून पाणी मुरलं तर ते खालच्या छतावर ओल धरण्याऐवजी बाहेर थेंब-थेंब दिसतं. हा पाईप ७५ च्या लाईनला जोडू नका. जोडला तर गळती दिसत नाही आणि लाईनचा वास भरावात शिरतो.

चाचणी तीन वेळा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर हाच बारीक पाईप बुचाने बंद करून सनकन पाण्याने भरून ४८ तास. पाईप बसल्यावर खालचं तोंड बंद करून नहाणीच्या तोंडापर्यंत पाणी भरा, खडूने खूण करा, तासभर थांबा. भर टाकून झाल्यावर तीच चाचणी परत, कारण भर टाकताना वीटतुकडा पाईपवर पडून सांधा सुटणं हे रोजचं आहे. फरशीचा ढाळ फुटाला एक सूत, अंघोळीच्या जागेत दीड.

खटाव_एक्सप्रेस

सगळं वाचलं. सगळे नव्या बाथरूमच्या मागे लागलात, मूळ प्रश्नातली शेवटची ओळ परत वाचा. 'जुन्या लाईनचा दोन फुटी तुकडा गच्चीवर वर आलाय, कापून टोपी मारायची आहे.' तो तुकडा म्हणजे तळमजल्याच्या संडासाचा वेंट आहे. त्याला टोपी मारली की वरचं बाथरूम झकास आणि खालचं गुडगुडायला लागणार.

ओळंबा

च्यायला. बरोबर. नजरेतून सुटलं.

फक्त_कामाचं

नवी लाईन त्याच चेंबरला येणार आणि ती वर उघडी आहे. चेंबरमधून हवा जुन्या लाईनला मिळेल की.

खटाव_एक्सप्रेस

चेंबर भरलेला नसेल आणि मधल्या पाईपमध्ये अर्धी जागा रिकामी असेल तर मिळेल. टाकी उपसायला उशीर झाला की पहिली तीच वाट बंद होते. शिवाय टाकीतला वायू वर यायला जुनी वाट सरळ होती, ती बंद केल्यावर खालचे ट्रॅप राहिले. पाईप कापायचा नाही, वळवायचा. नव्या स्लॅबच्या खाली ४५ चे दोन बेंड टाकून बाहेरच्या भिंतीवर काढा आणि तिथून नव्या गच्चीच्या वर दोन मीटर. आत फक्त हवा आहे, त्यामुळे वळण चालतं. पण तिरका तुकडा मागे उतरता ठेवा, काऊलमधून आलेलं पावसाचं पाणी त्यात साठता कामा नये. आणि सध्या तो दोन फुटांवरच उघडा आहे. काम चालू असताना त्यात खडी-सिमेंट जाणार नाही अशी पिशवी बांधा, पण स्लॅब झाल्यावर ती काढायला विसरू नका.

हवाबाण

+१. नव्या बेडरूमची खिडकी त्या कोपऱ्यात कुठे येते तेही बघा. काऊल गच्चीच्या वर गेला तर प्रश्न नाही, पण कुणी 'पुरे आता' म्हणून खिडकीच्या उंचीलाच थांबवला तर रात्री वास आत.

गोडोलीकर

खटाव_एक्सप्रेस, मोठं काम केलंत. प्लंबरला दाखवलं. तो म्हणाला, "वळवतो, पण बेंडचे पैसे वेगळे." उद्या बीमचं सेंट्रिंग तेवढं खाली घेतायत. नहाणी आणि बारीक पाईपला भिंतीत जागा ठेवायला गवंड्याला सांगितलंय. जुनी लाईन वळवायची तो कोपरा मात्र बीमला लागून आहे, तिथे स्लीव्ह ठेवायची परवानगी इंजिनिअरनी दिली.

कृष्णाकाठची

स्लीव्ह ठेवलात की दोन्ही तोंडं गोणपाट कोंबून बंद करा आणि तो सळीला तारेने बांधा, नुसता ठेवू नका. व्हायब्रेटर लागला की रिकामा पाईप काँक्रीटमध्ये वर तरंगतो आणि सकाळी सेंट्रिंग काढल्यावर तो भलत्याच उंचीला सापडतो.

लगा_कराडकर

आणि बेंडचे पैसे द्या. आमटी वाचली.